आपल्या फिल्टर प्रेसमधली बॅटरी

महाड, लोटे, तारापूर, पाताळगंगा आणि डोंबिवलीच्या रंग-रसायन कारखानदारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. एकतीस वर्षं व्हॅट रंगांच्या, म्हणजे सुती कापडाच्या पक्क्या रंगांच्या, प्लांटमध्ये काढली. आधी शिफ्ट केमिस्ट, मग प्रॉडक्शन, शेवटची काही वर्षं प्रयोगशाळेत. आता निवृत्त होऊन चिपळूणला असतो. तुमच्यापैकी काहींबरोबर रात्रपाळीत नटशे फिल्टरच्या कडेला उभा राहून गाळलेल्या रंगाचा केक कोरडा व्हायची वाट पाहिली आहे, काहींशी स्ट्रेंथच्या अर्ध्या टक्क्यावरून भांडलोही आहे. त्या ओळखीच्या जोरावर, कार्बनी रसायनांपासून बनणाऱ्या 'सेंद्रिय' बॅटरीबद्दल, हे पत्र लिहितोय.

मागच्या दिवाळीत माझी भाची घरी आली होती. ती बॅटरीच्या विषयात पीएच.डी. करते. फराळ करता करता तिने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. काचेच्या एवढ्याशा सेलमध्ये पिवळट काहीतरी होतं. प्रवाह सुरू केला तसं ते हळूहळू लालभडक झालं, प्रवाह उलटा केला तसं पुन्हा पिवळट. "मामा, हे अँथ्राक्विनोन आहे," ती म्हणाली. अँथ्राक्विनोन म्हणजे आपल्या पुष्कळ व्हॅट रंगांचा मूळ सांगाडा. मी म्हटलं, "अगं, ही तर आमची व्हॅटिंग टेस्ट!"

तुम्हाला वेगळं सांगायला नको. परीक्षानळीत चिमूटभर अँथ्राक्विनोन, वर कॉस्टिक सोडा, वर हायड्रो (इलेक्ट्रॉन देणारं रसायन), थोडं गरम केलं की लाल. हवेत हलवलं की रंग परत जातो. आपण ती टेस्ट हजार वेळा केली आणि नळी धुऊन ठेवून दिली. भाचीच्या सेलमध्ये हायड्रोच्या जागी तारेतून येणारे इलेक्ट्रॉन होते, कॉस्टिकमधल्या सोडियमच्या जागी लिथियम होतं आणि हवेचं काम बाहेरचं सर्किट करत होतं. रेणू तोच. कार्बोनिलचे तेच दोन ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन घेतात आणि परत देतात. १९०१ मध्ये रेने बोनने बीएएसएफमध्ये इंडँथ्रोन बनवला तेव्हापासून आपला धंदा या देवाणघेवाणीवर उभा आहे, आणि इचलकरंजी-सोलापूरच्या डाइंग हाउसमधला कामगार ती रोज करतो. तिला चार्जिंग-डिस्चार्जिंग म्हणतात, एवढंच आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे वाचलं आणि प्रयोगशाळांत जाऊन पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालं आहे, की सेंद्रिय बॅटरी हा विषय धातूंच्या खाणवाल्यांपेक्षा आपल्या जास्त जवळचा आहे आणि तो आज जिथे अडलाय तिथून त्याला पुढे ढकलायची ताकद आपल्या हातात आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. आपल्याकडे 'सेंद्रिय' म्हटलं की शेणखत आणि बिनफवारणीची भाजी डोळ्यांपुढे येते. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनी रसायन, बेंझीनच्या कड्यांचं, आपलं रोजचं. मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंच्या ऑक्साइडचे स्फटिक असतात आणि लिथियमचे आयन त्या स्फटिकांच्या थरांमध्ये शिरतात, बाहेर पडतात. सेंद्रिय बॅटरीत इलेक्ट्रॉन साठवण्याचं काम कार्बनी रेणू करतो. म्हणून ती आपोआप सुरक्षित किंवा निसर्गस्नेही ठरत नाही. तिचा इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतला आयन वाहून नेणारा द्रव, पेट घेऊ शकतो आणि तिचा कच्चा माल ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची, परीक्षा पाहू शकतो. त्यावर पुढे बोलणारच आहे.

मग तिचा उपयोग काय? दोन गोष्टींत ती धातूच्या ऑक्साइडला मागे टाकू शकते: वाकणं आणि वेग.

वाकण्याचं कारण उघड आहे. ऑक्साइड म्हणजे शेवटी मातीच्या भांड्याच्या जातीचा पदार्थ. त्याची पूड बाइंडरने फॉइलला चिकटवतात आणि ती पुन्हा पुन्हा वाकवली की तडे जातात. पॉलिमर वाकतो. जपानच्या एनईसी कंपनीने २०१२ मध्ये ०.३ मिलिमीटर जाडीची सेंद्रिय बॅटरी दाखवली होती, ओळखपत्राच्या कार्डात बसेल एवढी पातळ.

वेगाचं कारण जास्त सुंदर आहे. त्या जपानी बॅटरीत टेम्पो नावाच्या नायट्रॉक्साइड रॅडिकलचे (जोडी नसलेला एक इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या रेणूचे) गट एका मेथाक्रिलेट साखळीवर लटकवलेले आहेत. हा पॉलिमर बॅटरीत चालतो हे एनईसीच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, वासेदा विद्यापीठात हिरोयुकी निशिदे यांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. या रॅडिकलला इलेक्ट्रॉन देताना किंवा घेताना आपला आकार जवळजवळ बदलावाच लागत नाही. कुठल्याही आयनाला स्फटिकाच्या अरुंद बोळातून वाट काढावी लागत नाही. पॉलिमर इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडासा फुगलेला असतो आणि तोल सांभाळायला येणारा आयन शेजारीच उभा असतो. म्हणून ही बॅटरी मिनिटाच्या आत भरता येते आणि तितक्याच झटक्यात रिकामीही करता येते. पॉवर म्हणतात ती हीच.

आणि टेम्पो आपल्याला परका आहे का? असिटोन आणि अमोनियापासून ट्रायअसिटोनामाइन, त्यापासून हायड्रॉक्सी-टेम्पो. प्लास्टिक उन्हात पिवळं पडू नये म्हणून घालतात ते हाल्स स्टॅबिलायझर याच कुळातले. स्टायरीनवाले पॉलिमरायझेशन थांबवायला हायड्रॉक्सी-टेम्पो वापरतात. त्यातच एक गंमतीची अडचण आहे: रॅडिकल स्वतःच पॉलिमरायझेशन अडवतो, म्हणून आधी अमाइनच्या रूपात साखळी बनवायची आणि मग तिचं ऑक्सिडेशन करून रॅडिकल उघडे करायचे. असं दोन पायऱ्यांचं काम आपल्या हाताखालच्या कुठल्याही बऱ्या केमिस्टला जमेल.

आता उणी बाजू. या पॉलिमरची क्षमता ग्रॅमला १११ मिलिअँपिअर-तास, तीही कागदावरची. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात १४० च्या आसपास देतो आणि त्याची घनता चार-पाच पट जास्त, म्हणजे तेवढीच वीज साठवायला सेंद्रिय बॅटरीला कितीतरी जास्त जागा लागते. शिवाय बहुतेक सेंद्रिय पदार्थ विजेचे वाईट वाहक, त्यांच्यात भरपूर कार्बन ब्लॅक मिसळावा लागतो आणि तो जागा खातो. त्यामुळे या बॅटरीवर कार पाचशे किलोमीटर जाईल असं कुणी सांगितलं तर त्याला पैसे देऊ नका. गाडीच्या रेंजसाठी ही बॅटरी नाहीच. थोडी वीज, पण झटक्यात, हजारो वेळा, विचित्र आकारात किंवा विचित्र हवामानात लागते, ती कामं हिची.

विचित्र हवामानाचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१८ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने उणे ७० अंश सेल्सिअसला चालणारी सेंद्रिय बॅटरी प्रसिद्ध केली. त्या थंडीतही तिने खोलीच्या तापमानाला मिळते त्याच्या सुमारे ७० टक्के क्षमता दिली. सियाचीनला पारा उणे ५० पर्यंत उतरतो. नेहमीची लिथियम-आयन बॅटरी त्याच्या बरीच आधी मान टाकते, आणि वायरलेस सेट घेऊन चालणाऱ्या जवानाला त्याचा अर्थ काय ते सांगायला नको.

त्या बॅटरीत काय होतं ते ऐका. एका बाजूला पॉलिट्रायफिनाइलअमाइन. दुसऱ्या बाजूला नॅप्थलीन टेट्राकार्बॉक्सिलिक डायअनहायड्राइडपासून बनवलेला पॉलिइमाइड. आणि इलेक्ट्रोलाइटचा द्रव म्हणून इथाइल असिटेट, जो उणे ८४ अंशांपर्यंत गोठत नाही.

नॅप्थलीन टेट्राकार्बॉक्सिलिक डायअनहायड्राइड! ऑर्थो-फिनिलीन डायअमाइनशी त्याची गाठ घातली की व्हॅट ऑरेंज ७ होतो. दुसऱ्या एका डायअमाइनशी साखळी जोडली की बॅटरीची ऋण बाजू होते. आणि इथाइल असिटेट? उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून ते आपल्याच राज्यात बनतं, महाडच्या वसाहतीतून त्याचे टँकर निघतात. जगातल्या सगळ्यात थंड युद्धभूमीवर चालू शकेल अशा बॅटरीचा शिधा रायगड जिल्ह्यातून बांधून देता येईल, हे मला दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्यापैकीही फार जणांना माहीत असेल असं वाटत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मग इतकं सोपं असेल तर या बॅटऱ्या बाजारात का नाहीत? दोन कारणं आहेत, एक रसायनाचं आणि एक माणसांचं.

रसायनाचं कारण आपल्याइतकं कुणालाच कळणार नाही. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही, त्याचं ल्युको रूप, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेलं रूप, विरघळतं. ते विरघळतं म्हणून धाग्यात शिरतं आणि आपला धंदा चालतो. बॅटरीवाल्यांचं दुखणं नेमकं हेच आहे. अँथ्राक्विनोनच्या कुळातला लहान क्विनोन रेणू चार्ज झाला की इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतो, पलीकडच्या इलेक्ट्रोडकडे वाहत जातो आणि बॅटरी आपोआप उतरते. आपण शंभर वर्षं ल्युको नीट विरघळावं म्हणून धडपडलो, त्यांना ते अजिबात विरघळायला नको आहे. कशाने विद्राव्यता वाढते हे ज्याला हातून माहीत आहे, त्याला ती कशाने घटते हेही माहीत असतं. सल्फोनिक गट कुठे नको, हायड्रोजन बंध कुठे हवा, रेणू सपाट आणि मोठा केला की काय होतं, हे आपल्या जुन्या लॉगबुकांत पानोपानी आहे.

त्यांनी शोधलेला एक उपाय म्हणजे रेणूंची साखळी करणं. २००९ मध्ये चीनमधल्या वुहान विद्यापीठातल्या संशोधकांनी १,५-डायक्लोरोअँथ्राक्विनोन आणि सोडियम सल्फाइड यांच्यापासून एक पॉलिमर बनवला. कागदावरची क्षमता ग्रॅमला २२५ मिलिअँपिअर-तास, टेम्पोच्या दुप्पट, व्होल्टेज मात्र कमी. कच्च्या मालाची नावं पुन्हा वाचा. एक आपलं इंटरमीडिएट (रंग बनवताना लागणारं मधलं रसायन), दुसरं सल्फर ब्लॅकवाल्यांच्या आणि चामडेवाल्यांच्या गोदामात पिंपांनी पडलेलं.

माणसांचं कारण असं. भाचीच्या प्रयोगशाळेत गेलो तेव्हा तिने कपाटातून डायक्लोरोअँथ्राक्विनोनची बाटली काढून दाखवली. पंचवीस ग्रॅम, परदेशी कॅटलॉगमधून मागवलेली, महिनाभर वाट पाहून आलेली. ती बाटली ते लोक औषधासारखी जपून वापरतात. एका नाणे-सेलमध्ये काही मिलिग्रॅम माल लागतो, त्यामुळे प्रबंध होतात, शोधनिबंध होतात. पण फॉइलवर काही मीटर लेप देऊन हातात धरता येईल, वाकवता येईल असा पाउच सेल बनवायचा तर एकाच लॉटचा, एकाच शुद्धतेचा किलोभर माल हवा. तो विकत मिळत नाही. मिळाला तर पुढच्या वेळी तसाच मिळेल याची खात्री नाही. तिथे काम थांबतं. मी विचारलं, "इथल्या कारखान्यांना का नाही विचारत?" ती म्हणाली, "मामा, फोन केला होता. ते म्हणाले मिनिमम ऑर्डर पाचशे किलो."

हे उत्तर मीही नोकरीत असताना अनेकांना दिलेलं आहे. पत्र लिहायला बसलो त्याचं खरं कारण ते उत्तर आहे.

म्हणून माझी पहिली मागणी: पायलट प्लांटमधला एक लहान ग्लास-लाइन्ड रिॲक्टर, पन्नास-शंभर लिटरचा, वर्षातून काही आठवडे या कामाला द्या. सगळ्यांनी नको, वसाहतीत एकाने दिला तरी पुष्कळ. पाच-दहा किलोचे लॉट करा आणि ते एनसीएल, आयसर, आयसीटी, आयआयटी, कराईकुडीची सेक्री अशा संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांना रास्त भावात द्या. आयसीटीचा जन्मच १९३३ मध्ये मुंबईच्या कापड आणि रसायन धंद्याच्या गरजेतून झाला. तो धागा इथे पुन्हा जोडता येईल.

मात्र हा माल रंगाचा माल म्हणून देऊ नका. आपण व्हॅट रंग डिस्पर्सिंग एजंट घालून, ग्लॉबर सॉल्ट घालून स्टँडर्ड करतो. बॅटरीत तसलं काही चालणार नाही. तिथे लोखंडाचे काही पीपीएमसुद्धा घात करतात, क्लोराइड उरलेलं चालत नाही, ओलावा चालत नाही. आपल्या शेड मॅचिंगच्या नजरेला उत्तम वाटणारा केक तिथे नापास होईल. एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, रिॲक्टरचा गंज, फिल्टर प्रेसच्या कापडाचे धागे, आधीच्या बॅचचा अंश, या सगळ्याकडे नव्याने पाहावं लागेल. सोपं नाही ते. पण ज्या कारखान्यांनी फार्मा इंटरमीडिएटकडे वळून दाखवलं त्यांना हे शिकायला वर्ष पुरेल.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. या बॅटरीला जगभर 'हरित' म्हणतात, तिच्यात कोबाल्ट नाही म्हणून. काँगोतल्या खाणींची अवस्था पाहता ते खरंही आहे. पण डायक्लोरोअँथ्राक्विनोनचा जुना रस्ता आपल्याला माहीत आहे. अँथ्राक्विनोनला अल्फा जागी सल्फोनेट करायचं तर ओलियममध्ये पारा लागतो, मग क्लोरेटने सल्फोनिक गट काढून क्लोरीन बसवायचा. पारा! बॅटरीतून कोबाल्ट काढून तिच्या मागच्या दाराने पारा आत आणायचा असेल तर मला ती बॅटरी नको. अँथ्राक्विनोन स्वतः थॅलिक अनहायड्राइड आणि बेंझीनपासून ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून करायचं तर त्याचं पाणी कुठे जातं हेही आपण जाणतो. नायट्रेशनचा रस्ता आहे, त्यात पारा नाही, पण समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेले रेणू) वेगळे करणं कटकटीचं आणि वापरून उरलेलं स्पेंट ॲसिड डोक्यावर. प्रयोगशाळेतल्या मुलांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तो रेणू बाटलीतून जन्माला येतो. हे त्यांना आत्ता सांगायला हवं, रेणू निवडायच्या आधी. कुठला क्विनोन स्वच्छ रस्त्याने बनतो आणि कुठला नाही, याची खरी माहिती फक्त आपल्याकडे आहे. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या काठावरच्या लोकांनी आपल्या धंद्याचं पाणी पुष्कळ सोसलं आहे. नव्या धंद्याची पहिली बॅच त्यांच्या माथी मारायची नाही, एवढं तरी ठरवून सुरुवात करू.

तिसरं, थोडं सरकारबद्दल. केंद्राने २०२१ मध्ये प्रगत बॅटऱ्यांच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, तिच्यात ५० गिगावॅट-तासांबरोबर वेगळ्या धाटणीच्या तंत्रज्ञानासाठी ५ गिगावॅट-तासांचीही तरतूद ठेवली. चांगलं झालं. पण सेंद्रिय बॅटरी आज गिगावॅटच्या भाषेत बोलूच शकत नाही, तिला किलोग्रॅमची भाषा हवी. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने वीज-वाहनांसाठी मोहीम काढली, उष्ण हवामानातल्या बॅटऱ्यांचा विषय त्यात घेतला, तोही योग्यच. तिथे एक छोटा कोपरा वाहनाबाहेरच्या बॅटऱ्यांसाठी मागायला हवा: थंडीत चालणाऱ्या, अंगावर वागवायच्या, झटक्यात वीज देणाऱ्या. ती मागणी एकट्या प्राध्यापकाने केली तर आणखी एक प्रस्ताव ठरते. पाच वसाहतींच्या कारखानदारांच्या संघटनांनी "माल आम्ही देतो" असं लिहून सोबत सही केली तर तिचं वजन बदलतं.

उपयोगाचं म्हणाल तर सियाचीनपर्यंत जायलाही नको. २२ जुलै २०२१ ला आमचं चिपळूण पाण्याखाली होतं, त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला. डोंगरउतारांवर पाऊस आणि जमिनीची हालचाल मोजणारी यंत्रं लावायची तर प्रत्येकाला लहान सौर पट्टी आणि एक बॅटरी लागणार. ती दिवसभर जवळजवळ काहीच खर्च करत नाही, पण संदेश पाठवायच्या क्षणी एकदम झटका मागते, आणि हे वर्षानुवर्षं, कुणी बदलायला न जाता. मला या कामासाठी सेंद्रिय बॅटरी योग्य वाटते. सिद्ध झालेलं नाही, करून पाहायला हवं.

यापूर्वी हे झालं नाही असंही नाही. पॉलिॲनिलीनची (ॲनिलीनच्या पॉलिमरची) नाणे-बॅटरी जपानमध्ये १९८७ मध्येच बाजारात आली होती. फार काळ टिकली नाही, लिथियम-आयन आली आणि तिने सगळं झाकून टाकलं. एनईसीची कार्डातली बॅटरी दाखवून इतकी वर्षं झाली, अजून आपल्या खिशात आलेली नाही. अपयशाची शक्यता भरपूर आहे, ती लपवून तुमच्याकडे काही मागायचं नाही. पॉलिॲनिलीनवरून मात्र मनात एक गोष्ट येते. ॲनिलीन आपल्याकडे रसायनीला बनायचं, हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये. देशात रंगांची इंटरमीडिएट्स बनावीत म्हणून १९६० मध्ये ती सरकारी कंपनी स्थापन झाली. २०१७ मध्ये रसायनीचे प्लांट बंद करायचं ठरलं, फक्त नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला, कारण रॉकेटला तो लागतो. रंगासाठी उभारलेल्या कारखान्यातला एक तुकडा आकाशात जायच्या कामाचा निघाला. बाकीच्या प्लांटांकडे कुणी त्या नजरेने पाहिलं असतं तर, असं त्या रस्त्याने जाताना दर वेळी वाटतं.

तुमचे प्लांट अजून चालू आहेत.

माझ्याकडून काय देऊ शकतो तेही लिहितो. पहिल्या लॉटसाठी बॅच शीट मी लिहून देईन, नायट्रेशनच्या रस्त्याची. समघटक वेगळे करायच्या माझ्या जुन्या नोंदी आहेत, त्या देईन. रिॲक्टर चार्ज करताना उभा राहीन, वय झालं असलं तरी आठ तास उभं राहता येतं. माल पुण्याला भाचीच्या प्रयोगशाळेत पोचवायचं कामही माझं. भाचीची आणि तिच्या दोन सहकाऱ्यांची तयारी आहे, ते तुमच्या प्लांटवर येऊन आठवडाभर राहतील आणि शुद्धतेचे त्यांचे निकष तुमच्या क्यूसीला समजावतील. त्यांच्यातल्या कुणीही आजवर फिल्टर प्रेस चालताना पाहिलेला नाही. त्यांना तो बघायचाच आहे.

गणपतीच्या सुट्टीनंतर शटडाउन संपून प्लांट सुरू होतात, तेव्हा पायलट रिॲक्टर आठ-दहा दिवस रिकामा असतो हे मला अनुभवाने माहीत आहे. ते आठ-दहा दिवस मागतोय. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या वसाहतीच्या संघटनेकडे नाव द्यावं, मी संघटनांच्या कार्यालयांत स्वतः येऊन भेटेन.

आपला,
एक निवृत्त व्हॅट केमिस्ट,
चिपळूण